चालत्या दफ्तरातील फेरफार

दिनांक ३१ मे २०२५ च्या रात्री पावणेबारा वाजल्यापासून मध्यरात्रीनंतरच्या दीड वाजेपर्यंत मुंबई केंद्राच्या कक्षेतील रेल्वे आरक्षणाची संगणकप्रणाली बंद राहील, असे मध्य रेल्वेने जाहीर केले होते. आणि या पावणेदोन तासांत जे कार्य साधावयाचे होते ते एवढेच, की उस्मानाबाद या स्थानकाचे नाव धाराशिव व्हावे आणि त्याचा ‘यूएमडी’ हा जुना संकेत जाऊन त्या जागी ‘डीआरएसव्ही’ हा नवा यावा. बंदची वेळ विचारपूर्वक निवडलेली होती, पूर्वसूचना रीतसर दिलेली होती, व त्यात कोणाकडेही बोट दाखवावे असे काही नव्हते. तथापि, ज्याला कारभाराच्या इतिहासाची गोडी आहे अशा मनुष्याच्या मनात या घटनेने एक जुना प्रश्न पुन्हा उभा केल्याशिवाय राहत नाही: जे यंत्र वा जी संस्था अहोरात्र चालू आहे, जिच्या दारात माणसे उभी आहेत आणि जिच्या हाती अर्धवट झालेली कामे आहेत, तिचे नियम तिला न थांबवता बदलता येतात काय, आणि येत असल्यास कोणत्या अटीवर?

हा प्रश्न संगणकवाल्यांना नित्याचा आहे. त्यांच्या शास्त्रात कार्यक्रम निराळा आणि त्याचा विन्यास, म्हणजे ज्याला ते ‘कॉन्फिगरेशन’ म्हणतात तो, निराळा. कोणत्या दाराशी बसावे, कोणाला आत घ्यावे, नोंदी कोणत्या वहीत कराव्यात, या गोष्टी कार्यक्रमाच्या अंगात कोरून न ठेवता एका स्वतंत्र टिपणात लिहून ठेवाव्यात, आणि कार्यक्रमाने कामावर रुजू होताना ते टिपण वाचून आपल्या स्मृतीत साठवावे, अशी ही व्यवस्था. तिच्यातील अडचण उघड आहे. टिपण मागाहून बदलले तरी आधीच रुजू झालेल्या कार्यक्रमास त्याची वार्ता नसते. तो सकाळी वाचलेल्या जुन्या हुकुमावरच काम करीत राहतो. त्याला बरखास्त करून पुन्हा नेमले तर तो नवे टिपण वाचील हे खरे, परंतु बरखास्तीच्या त्या क्षणी त्याच्यापुढे जे उभे होते त्या सर्वांचा संबंध तुटतो, आणि चालत्या गाडीला खीळ बसते.

या अडचणीवर जो तोडगा निघाला त्याचा उगम टेलिफोनच्या तारेत आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिच्या आरंभीच्या काळात अनेक लोक दूरच्या टंकयंत्रावरून, टेलिफोनच्या तारेने, एकाच संगणकाशी बोलत असत. तार तुटली अथवा समोरच्याने टेलिफोन खाली ठेवला, म्हणजे त्या माणसाने सुरू केलेले कार्यक्रम निराधार होत. तेव्हा प्रणालीने त्यांना ‘हँगअप’ नावाचा, पहिल्या क्रमांकाचा, संकेत पाठवावा व त्यांनी आपले काम आवरावे, असा दंडक होता. पण जे कार्यक्रम कोणाच्याच तारेला बांधलेले नसतात, जे पडद्याआड राहून पत्रे पोचवतात, नोंदी ठेवतात, दारे उघडतात, त्यांच्या बाबतीत हा संकेत निरुपयोगी होता, कारण तुटण्यासारखी तारच त्यांना नव्हती. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात वाढलेल्या युनिक्समध्ये या रिकाम्या संकेताला नवी कामगिरी देण्यात आली: तो मिळताच कार्यक्रमाने न थांबता आपले टिपण पुन्हा वाचावे. सर्व कार्यक्रमांचा मूळ पुरुष जो ‘इनिट’, तो हा संकेत मिळताच टंकयंत्रांची यादी नव्याने वाचू लागला. नोंदी ठेवणारा ‘सिस्लॉगडी’ आणि जाळ्यावरून येणाऱ्या मागण्या वाटून देणारा ‘इनेटडी’ हेही त्याच मार्गाने गेले. जो हुकूम मुळात मृत्यूची सूचना म्हणून जन्मला, तो अशा रीतीने अखंड जीवनाचे साधन झाला, ही गोष्ट मला संगणकाच्या इतिहासातील मोठी मनोज्ञ घटना वाटते.

पण टिपण पुन्हा वाचणे हा कामाचा लहानसा भाग होय. खरी कसोटी पुढे आहे, आणि ती कशी पार पाडावी याचा उत्तम नमुना इगोर सिसोयेव्ह या रशियन गृहस्थाने २००४ साली लोकांपुढे ठेवलेल्या ‘एन्जिनएक्स’ या कार्यक्रमात पाहावयास मिळतो. त्यात एक मुख्य असतो आणि त्याच्या हाताखाली कामकरी असतात. लोकांशी बोलणे सर्व कामकऱ्यांचे, मुख्याचे काम केवळ देखरेखीचे. मुख्यास ‘हँगअप’चा संकेत मिळाला म्हणजे तो प्रथम नवे टिपण वाचून त्याची रचना तपासतो, त्यात सांगितलेल्या वह्या व दारे आपणास उघडता येतात की नाही हे पाहतो, आणि यांपैकी एकही गोष्ट साधली नाही तर नवे टिपण बाजूस सारून जुन्यावरच कारभार चालू ठेवतो. सर्व यथास्थित असले तर तो नव्या टिपणाबरहुकूम नवे कामकरी उभे करतो आणि जुन्यांना निरोप पाठवतो, की यापुढे नवा मनुष्य स्वीकारू नका, मात्र जो समोर उभा आहे त्याचे काम पुरते करूनच जा. त्यामुळे काही काळ जुने आणि नवे कामकरी एकाच छताखाली, निरनिराळ्या नियमांनी, शेजारी शेजारी काम करीत असतात. जुन्याच्या हातातील शेवटचे काम संपले की तो निघून जातो, आणि बाहेर उभ्या असलेल्या जनतेस आतील या सत्तांतराची दादही लागत नाही. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्सचेंजसाठी जो आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ च्या सुमारास ज्या ‘एर्लांग’ भाषेची सिद्धता आरंभिली, तिच्यातही प्रत्येक विभागाच्या जुन्या आणि नव्या अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी स्मृतीत नांदू देण्याची सोय आहे. कारण चालू संभाषण तोडून एक्सचेंजची दुरुस्ती करणे ही गोष्ट त्या व्यवसायास परवडणारी नव्हती.

जुन्याला जुन्या नियमाने संपू द्यावे आणि नव्याला नव्या नियमाने सुरू होऊ द्यावे, हे जे तत्त्व येथे दिसते, ते संगणकाने शोधून काढलेले नाही. ज्या जिल्ह्याच्या नावावरून हे विवेचन सुरू झाले, त्या जिल्ह्याच्या दफ्तरांनी ते अनेकदा, आणि कित्येकदा फार कठीण काळात, आचरून दाखविले आहे.

२१ मे १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दोआब यांच्याबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या अंमलाखाली दिला, आणि ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा कर्ता मेडोज टेलर हा नळदुर्गच्या किल्ल्यात राहून या प्रांताचा कारभार पाहू लागला. १८५७ साली तो वऱ्हाडात बुलढाण्यास गेला. आणि १८६० च्या तहाने हा मुलूख पुन्हा निजामाकडे आला. म्हणजे सात-साडेसात वर्षांच्या अवधीत येथील रयतेने दोन वेळा सरकार बदललेले पाहिले, परंतु पेरणी, आणेवारी, जमाबंदी आणि वसुली यांचे चक्र त्यासाठी एक हंगामही थांबले नाही, कारण गावचा पाटील आणि गावचा कुलकर्णी हे जुन्याही अंमलाचे होते व नव्याही अंमलाचे होते. पुढे निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ साली जिल्हाबंदी, म्हणजे मुलुखाची जिल्ह्यांत आखणी, केली. १९०४ साली जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गाहून धाराशिवास आले, आणि जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले.

या सर्व स्थित्यंतरांहून १९४८ चे स्थित्यंतर निराळे आणि दारुण होते. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गच्या वाटेने आत शिरले, १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली, आणि मेजर जनरल जयंतनाथ चौधरी हे लष्करी राज्यपाल झाले. आधीच्या काळात रझाकारांनी या भागातील खेड्यांवर केलेले अत्याचार आणि नंतरच्या काळात येथील मुसलमान रहिवाशांवर ओढवलेली कत्तल, या दोन्ही गोष्टी विसरून दफ्तरांच्या अखंडतेचे कौतुक करणे हा अन्याय होईल. या घटनांची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वांत अधिक झळ पोचलेल्या ज्या चार जिल्ह्यांची नावे घेतली त्यांत उस्मानाबाद आहे. कागद चालू राहिले म्हणून माणसे सुरक्षित राहिली असे नव्हे. परंतु ज्यांची घरेदारे उद्ध्वस्त झाली त्यांना आपला हक्क पुढे कधी सांगता यावयाचा असेल तर त्यासाठी कागद शिल्लक असणे अवश्य होते, आणि म्हणून दफ्तराची ही अखंडता मला कमी मोलाची वाटत नाही.

त्या दफ्तरात बदलावयाचे काय काय होते याची यादी पाहिली तर मन थक्क होते. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास अव्वल तालुकदार म्हणत, तो आता कलेक्टर झाला. न्यायालयांचे आणि वरिष्ठ कचेऱ्यांचे कामकाज उर्दूत चाले, ते हळूहळू इंग्रजीत आणि पुढे मराठीत आले. सन फसली होता, ऑक्टोबरात आरंभ होणारा. सत्तांतर झाले ते १३५७ फसलीच्या अखेरीस, आणि म्हणून एकाच प्रकरणाच्या कागदांत फसली आणि इसवी असे दोन्ही सन आढळावेत हे क्रमप्राप्त होते. नाणे हाली शिक्का होते. ते एका रात्रीत रद्द ठरविले असते तर बाजाराच्या दिवशी कळंबच्या वा उमरग्याच्या शेतकऱ्याच्या कनवटीस लावलेला पैसा माती झाला असता. तसे न करता सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा भाव बांधून देण्यात आला, नवे हाली चलन काढणे बंद झाले, आणि जुने बाजारातून सावकाश ओसरत जाऊन १९५९ साली कायद्याने संपले. निजामाच्या करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके, जे बार्शीच्या इंग्रजी तालुक्याच्या सभोवती व्यापाऱ्यास पावलोपावली अडवीत, तेही एकदम न उठता पुढील काही वर्षांत उठले. जहागिरी मात्र १९४९ साली थेट कायद्याने रद्द झाल्या, आणि तेथे सावकाशी चालली नसती, कारण तेथे बदलावयाचे होते ते नुसते टिपण नव्हते, तर सत्तेचे मूळच होते.

संगणकाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हाली शिक्क्याला जे मिळाले ते जुन्या कामकऱ्याला मिळणारे सौजन्य होय: नवे काम घेऊ नकोस, हातचे पुरे कर. हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत किती सुस्पष्टपणे लिहिता येते याचे दर्शन १९५६ च्या राज्यपुनर्रचना अधिनियमात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आले. त्या दिवशी मध्यरात्री येथील सर्व कायदे बदलले असते, तर मुंबईच्या कायद्याची ओळखही नसलेल्या तहसिलीत प्रत्येक अर्ज, प्रत्येक दावा, प्रत्येक वसुली ठप्प झाली असती. अधिनियमाच्या ११९ व्या कलमाने सांगितले, की पुनर्रचनेमुळे कोणत्याही कायद्याची व्याप्ती बदलली असे समजू नये, आणि पूर्वीचे राज्य असा जेथे उल्लेख असेल तेथे त्याच जुन्या मुलुखाचा बोध घ्यावा. १२० व्या कलमाने सरकारास एक वर्षाची मुदत दिली, की त्या अवधीत हुकुमाने या कायद्यांत अवश्य ते अनुकूल फेरफार करावेत. रयतेच्या दृष्टीने राज्य बदलले, पण तिच्या शेताचा कायदा त्या दिवशी जसा होता तसाच राहिला. महसुलाचा एकच कायदा साऱ्या महाराष्ट्रास लागू होण्यास १५ ऑगस्ट १९६७ उजाडावे लागले, आणि मधल्या अकरा वर्षांत धाराशिवच्या कचेरीत मुंबईचे सरकार हैदराबादच्या कायद्याने राज्य करीत होते. मला हा विलंब दोषास्पद वाटत नाही. उलट त्यात मोठे शहाणपण दिसते. गावोगावच्या खासरा पत्रकांत, सेतवारांत आणि मुंतखबांत ज्यांचे हक्क नोंदलेले होते, त्यांची नोंद आधी वाचता येईल अशा स्थितीस आणून मगच नव्या नमुन्यात उतरविणे, हाच मार्ग सचोटीचा होता.

मात्र काही बदल असे असतात, की ते काम थांबविल्यावाचून होतच नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, १९०७ साली तडवळ्यापर्यंत आणि १९११ साली लातुरापर्यंत पोचली. तिच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. एकाच रुळावरून अडीच फुटी आणि साडेपाच फुटी गाडी चालविता येत नाही, म्हणून रुंदीकरणासाठी ती लोहवाट टप्प्याटप्प्याने बंद करावी लागली. आणि जुन्या वाटेने ज्या जिल्ह्याच्या ठाण्याला बाजूस टाकले होते, त्याला २००७-०८ मध्ये नव्या वाटेने प्रथमच रेल्वेचे स्थानक मिळाले. येथे बंद ठेवणे अटळ होते, कारण बदलत होता तो विन्यास नव्हे, तर यंत्राचा पिंड.

परंतु स्थानकाचे नाव हा रेल्वेचा पिंड नव्हे. मग त्यासाठी प्रणाली का थांबावी? याचे उत्तर, माझ्या मते, नावापेक्षा संकेतात आहे. भारतीय रेल्वेने संगणकावरील आरक्षणाचा पहिला प्रयोग १९८५ साली नवी दिल्लीत केला, १९८६ साली रेल्वेच्या संगणकीय कामांसाठी ‘क्रिस’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे एका सूत्रात गुंफली गेली. अशा प्रणालीत अंतर, भाडे, आरक्षणाचा वाटा, प्रत्येक तिकीट हे सर्व स्थानकाच्या संकेताला बांधलेले असते. आणि आरक्षण साठ दिवस आधी मिळत असल्यामुळे, कोणत्याही क्षणी जुन्या संकेताने काढलेली पुढील साठ दिवसांची तिकिटे लोकांच्या खिशात असतात. संकेत बदलला म्हणजे केवळ पाटी बदलली असे होत नाही. खात्यातील ज्या किल्लीने सारी कपाटे उघडतात ती किल्लीच बदलली असे होते. प्रवाशाचे तिकीट निराधार होऊ नये म्हणून थोडा वेळ सर्व खिडक्या मिटून घेणे हा अशा प्रसंगी सावधपणाचा मार्ग होय, आणि त्या रात्री जे कर्मचारी हे काम करीत जागले त्यांच्याविषयी मनात आदरच असावा. तरीही संकेत आणि नाव यांची फारकत आरंभीच केली असती, संकेत हा निरर्थक अंक असता व नाव हे त्याच्यापुढे लिहिलेले नुसते टिपण असते, तर ही मध्यरात्र उजाडलीच नसती, असे म्हणावेसे वाटते.

याला पुरावा त्याच गावात आहे. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी उस्मानाबादचे धाराशिव करण्यास केंद्र सरकारची संमती आली, त्याच वर्षीच्या १५ सप्टेंबरला जिल्हा, उपविभाग व तालुका यांच्या नावांची अधिसूचना निघाली, ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धचे अर्ज फेटाळले. परंतु या साऱ्या घडामोडीत जिल्ह्यातील एकाही मोटारीच्या पाटीवरील ‘एमएच-२५’ बदलले नाही, शहराच्या टपालाचा ४१३५०१ हा अंक बदलला नाही, टेलिफोनचा ०२४७२ बदलला नाही. ज्यांनी हे अंक ठरविले त्यांनी त्यांत गावाचे नाव गुंतविले नव्हते, आणि म्हणून टपाल खाते, परिवहन खाते आणि टेलिफोन खाते यांना नामांतराच्या दिवशी एक क्षणही थांबावे लागले नाही. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हा या जिल्ह्याचे क्षेत्रच बदलले होते. तसा बदल अंकांनाही शिवतो. नुसत्या नावाने मात्र त्यांना शिवू नये.

आता या पद्धतीची एक उणीव सांगणे प्राप्त आहे, कारण तिच्या गुणांइतकीच ती खरी आहे. जुन्या कामकऱ्यास हातचे काम पुरते करूनच जा असे सांगितले, आणि त्याच्यापुढचा मनुष्य उठलाच नाही, तर काय? एन्जिनएक्सच्या चालकांना हा अनुभव वारंवार आला: काही जोडण्या तासन्‌तास, दिवसन्‌दिवस उघड्या राहत, प्रत्येक फेरफाराबरोबर जुन्या कामकऱ्यांची एक पिढी मागे उरे, आणि निरनिराळ्या काळचे नियम पाळणाऱ्या या पिढ्या संगणकाची स्मृती अडवून बसत. अखेर २०१७ साली त्या कार्यक्रमात अशी सोय झाली, की जुन्या कामकऱ्याला एक मुदत नेमून द्यावी व ती संपली की त्याची जोडणी तोडावी. मुदत किती असावी हे मात्र चालकाने ठरवावयाचे, आणि तेथे त्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा असते.

१९५६ च्या अधिनियमाने सरकारास फेरफारासाठी वर्षाची मुदत दिली, पण जुन्या कायद्याच्या आयुष्यास मुदत घातली नाही. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० हा ज्या राज्याने केला ते राज्य नकाशावरून जाऊन सत्तर वर्षे होत आली, तरी मराठवाड्यात कुळाचा प्रश्न निघाला म्हणजे आजही त्याचेच पान उलटले जाते. तुळजापूर वा परंडा तहसिलीत ज्या कुटुंबाच्या आजोबास त्या कायद्याच्या ३८-ई कलमाखाली संरक्षित कूळ म्हणून मालकी मिळाली, त्याचा नातू सातबारावर आपले नाव लावून घेण्यासाठी आजही तेच कलम अर्जात लिहितो. आणि तहसीलदार, ज्याच्या खुर्चीमागील फलकावर आता ‘जिल्हा धाराशिव’ असे आहे, तो अर्ज त्याच कलमाखाली ऐकून घेतो आणि निकाल देतो.